धुराच्या डब्यावर घातलेलं नाव

माझ्या जीपच्या पोटाखाली एक स्टीलचा डबा आहे. त्यावर माझं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं कोरलेलं आहे आणि शेवटी लिहिलंय, "यांजकडून सप्रेम भेट". हा डबा मी कुणाला भेट दिलेला नाही. प्रेमानं तर नाहीच नाही. तरी तो लावून कितीतरी जीपा पास झाल्या, आणि ज्या मिस्त्रीनं हे घडवून आणलं तो अजूनही मला पाहिलं की हात वर करून रामराम घालतो. मी उत्तर देत नाही.

लोक म्हणतात, जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. सोडायला माझी हरकत नाही. त्यानं आधी माझी स्टेपनी सोडावी.

मी जवळा बाजारला आधी हमाली केली. मग ट्रकवर क्लीनर झालो, मग दुसऱ्याची जीप चालवली, आणि नव्वदच्या दशकात एकदाची स्वतःची जुनी जीप घेतली. तिच्यासाठी मालकाशी तीन दिवस घासाघीस केली. तिसऱ्या दिवशी त्यानं किल्ली माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "ने बाबा, पण उद्या पुन्हा येऊ नको." तेव्हापासून गावात माझं नाव झालं. कुणाला बैल घ्यायचा असो की लग्नाचा बस्ता, लोक मला सोबत न्यायचे. मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी पंखा बंद करायचे, म्हणजे मी लवकर उठेन. मी उठत नसे. घाम माझ्याइतकाच त्यांनाही यायचा.

ती जुनी जीप चालू केली की स्टँडवरचा हॉटेलवाला भज्यांवर झाकण ठेवायचा. एवढा धूर. पण त्या काळी धुराला कोणी धूर म्हणत नव्हतं. गाडी आहे तर धूर असणारच, असं सगळ्यांचं मत होतं. पासिंगच्या दिवशी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही हे सरकारी साहेब तपासायचे त्या दिवशी, तेवढा आमचा जीव खालीवर व्हायचा. साहेबांचा कॅम्प मैदानात लागायचा. गाडीत औषधपेटी पाहिजे, आग विझवायचा लाल नळा पाहिजे, चांगली स्टेपनी पाहिजे. एवढं सगळं दुसऱ्या एकाही जीपमध्ये नसायचं. माझ्या जीपमध्ये असायचं. मी पास झालो की माझी औषधपेटी मागच्या जीपमध्ये जायची, तिथून तिच्या मागच्या जीपमध्ये. लाल नळ्याचंही तसंच. मी झाडाखाली बसून राहायचो आणि ज्याची गाडी पास होईल तो मला चहा पाजायचा. त्या पेटीतल्या पट्टीनं कुणाची जखम कधी बांधली गेली नाही, पण तिनं सोळा-सतरा गाड्यांचा जीव दरवर्षी वाचवला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचं बी मीच पेरलं होतं असं माझी बायको म्हणते. तिला म्हणू द्यावं.

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी मी कोरी करकरीत जीप घेतली. आयुष्यातली पहिली नवी गाडी. आमच्या भागात त्या हंगामात सगळ्यांनी त्याच कंपनीची, तीच जीप घेतली होती. स्टँडवर ओळीनं उभ्या राहिल्या की जुळी भावंडं वाटायची. ही नव्या नियमाची गाडी होती. तिच्या सायलेन्सरच्या आधी एक डबा होता. विकणाऱ्यानं सांगितलं, यात बारीक जाळी आहे, ती धूर गाळते. मी विचारलं, डबा नको असला तर किती कमी होतील? तो म्हणाला, तो काढता येत नाही, कायदा आहे. मी त्याच्याकडून सीटकव्हरं फुकट घेतली आणि निघालो.

गाड्या सारख्या, मिस्त्री चोर. सामान बदललं जाणार हे मला माहीत होतं. आमच्याकडे प्रत्येक घरात भांड्यांवर नाव घातलेलं असतं. लग्नकार्यात भांडी एकत्र धुतली जातात, कुणाची परात कुणाकडे जाऊ नये म्हणून. आठवडी बाजारात नाव घालणारा माणूस विजेचं कोरणं घेऊन बसायचा. मी त्याला म्हटलं, घरी चल, जीपवर नाव घालायचं आहे. त्यानं आयुष्यात जीपवर नाव घातलं नव्हतं. जॅक, बॅटरीची पट्टी, स्टेपनीची रिम आणि खालचा तो डबा, असे चार नग ठरले.

तो अक्षरावर पैसे घ्यायचा. मी म्हटलं, अक्षर मोजत बसायला मी काय शाळामास्तर आहे? नगावर बोल. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी तो नगावर तयार झाला. मग मला वाटलं, नगावर ठरलंय तर अक्षरं कमी कशाला घ्यावीत. मी त्याला पूर्ण नाव लिहायला लावलं, वडिलांचं नाव लिहायला लावलं, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. तरी डब्यावर जागा उरली.

"अजून लिही," मी म्हटलं.

"अजून काय लिहू, शेठ? पिन कोड टाकू काय?"

"लिहायचा कंटाळा आला व्हय तुला? नगावर ठरलंय."

"तुमी सांगा, मी लिहितो."

"तुला जे लिहायची सवय आहे ते लिही," मी रागानं म्हटलं.

त्याला जे लिहायची सवय होती ते त्यानं लिहिलं. लगीनसराई होती. महिनाभर तो दुसरं काही लिहीतच नव्हता. मी पाहायला वाकलो तोवर चारही नगांवर "यांजकडून सप्रेम भेट" झालं होतं. बायको ओट्यावर बसून डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसली. मी म्हटलं, असू दे, दहा अक्षरं फुकट मिळाली.

दोन-तीन वर्षं जीप चांगली चालली. मग औंढ्याच्या बाजूच्या चढावर तिचा दम कमी व्हायला लागला. मागची जीप मला मागे टाकायची आणि पुढच्या फाट्यावरची सगळी सवारी उचलायची. मी पोचेपर्यंत तिथे एखादी म्हातारी आणि एक शेळी उरायची. शेळीचं भाडं देणार नाही म्हणून म्हातारी भांडायची. असे आठ दिवस गेल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो.

हा मिस्त्री माझ्याच वयाचा. गोड बोलणारा. मी ओरडलो तर तो आणखी हळू बोलायचा, म्हणून त्याच्याशी भांडायला मजा यायची नाही. तो गाडीखाली गेला, डब्यावर पान्हा वाजवला आणि बाहेर आला.

"डिझेल कुठलं पाजता, शेठ?"

"डिझेल आहे."

"पंपावरचं का कॅनमधलं?"

मी कॅनमधलं घेत होतो. एक माणूस रस्त्यावर स्वस्तात द्यायचा आणि मी त्याला आणखी खाली आणलं होतं.

"जाळी चोंदली," मिस्त्री म्हणाला. "नाकात बोळा घालून पळवून राहिले तुमी गाडीला. डबा काढून टाकू, सरळ पाइप मारू. पाखरावानी उडंल."

"कायद्याचं?"

"कायदा काय वाकून पाहून राहिला?"

मग मजुरीवर आलो. मी म्हटलं, पाइपचे देणार नाही, वेल्डिंगचे देणार नाही, मजुरीही देणार नाही. एरवी तो दोन तास ताणायचा. त्या दिवशी त्यानं फक्त मान खाजवली, डब्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "लई नुकसान व्हतं शेठ, पण तुमच्यासाठी. मजुरी देऊ नका. डबा ठेवून जा."

मला इतका आनंद झाला की मी वरून हॉर्नही बदलून घेतला. तोही त्यानं दिला. आज मला कळतं, जो माणूस हॉर्नही देतो तो काहीतरी फार मोठं घेऊन जात असतो. तेव्हा मी तो हॉर्न वाजवत घरी आलो.

बायको दारात आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं काहून फुकट केलं?"

"माझ्यापुढं त्याचं काय चालतं?"

"तसं न्हाई. तो त्याच्या सासऱ्याला फुकट करत न्हाई. तुमच्यात काय पाहिलं त्यानं?"

मी जेवायला वाढ म्हटलं.

जीप खरंच उडायला लागली. आवाजही भारी यायला लागला. माझ्याकडे रोज एक वकीलसाहेब बसायचे, हिंगोलीच्या कोर्टात जाणारे. पुढच्या सीटवर आम्ही एरवी तिघं बसवायचो, ते असले की दोघंच. पांढरा शर्ट, काळा कोट हातात. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "गाडीचा आवाज बदलला."

"मोकळी झाली, साहेब. धूर गाळायचा डबा काढला."

फाटा आल्यावर त्यांनी कोट दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "गाडी कंपनीनं जशी मंजूर करून घेतली तशीच चालवायची असते. आपल्या मनानं त्यातला भाग काढला की कागदावरची गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. सापडलात तर दंड. पासिंगला अडवलं तर परमिट लटकलं. आणि उद्या कुठं धडक झाली तर विमा कंपनी आधी खाली वाकून पाहील."

"ती माणसं वाकत नाहीत साहेब. पोटं असतात त्यांना."

"पैसे द्यायची वेळ आली की वाकतात. ज्यानं काढून दिला, तोही त्यात येतो."

"मग चांगलंच आहे की. मी एकटा नाही."

"तुरुंगात सोबत मिळाली म्हणून कुणी आनंद मानत नाही."

"फी किती झाली, साहेब?"

"ही फुकट," ते म्हणाले. हिंगोलीला उतरताना त्यांनी मानेवरून पांढरा रुमाल फिरवला. निम्मा काळा झाला. त्यांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला. "हा ठेवा. पुरावा लागेल." मी तो जीपच्या कप्प्यात टाकला आणि विसरलो.

पुढच्या वर्षी आमच्याकडच्या एका सरकारी दवाखान्याला महिन्याच्या ठरावानं जीप पाहिजे होती. डॉक्टर आणि नर्सबाईंना खेड्यापाड्यांत न्यायचं, दुपारी परत आणायचं. हे काम मिळावं असं मला मनापासून वाटत होतं. इतकी वर्षं स्टँडवर उभं राहून "औंढा, औंढा, हिंगोली" ओरडून माझा गळा घोगरा झाला होता. घरी साधं पाणी मागितलं तरी शेजारी बाहेर यायचे. सवारीवरून रोज कुणाची ना कुणाची गचांडी धरायची, याचा आता वीट आला होता. दवाखान्याला कागद पाहिजे होते: परमिट, विमा आणि चालू पासिंग. माझं पासिंग कागद द्यायच्या शेवटच्या तारखेआधीच संपत होतं. मधे एकच कॅम्प होता. त्यात पास झालो तर काम माझं, नाही तर ते शिरड शहापूरच्या एका जीपवाल्याला जाणार होतं, जो मला पूर्वी चढावर रोज मागे टाकायचा.

आणि याच वर्षी नवे साहेब आले होते. सडपातळ, चष्मा, तरणेच. आधीचे साहेब टायरला बुटानं टिचकी मारायचे, दिवे लावायला सांगायचे आणि सही करायचे. हे साहेब सोबत जुनं वर्तमानपत्र आणायचे, जमिनीवर अंथरायचे आणि सरळ गाडीखाली जायचे. तीन कॅम्प झाले होते. डबा नाही तर पासिंग नाही, एवढंच त्यांचं बोलणं. डोंगरकड्याचे दोघे रिकाम्या हातानं परतले होते, हे मी स्टँडवर ऐकलं.

मी मिस्त्रीकडे गेलो.

"डबा पाहिजे होता."

"कोणता, शेठ?"

"माझा."

"तुमचा आता कुठं राहिला? मजुरीत गेला न्हाई का?"

"एका दिवसापुरता दे. पासिंग झालं की परत."

"देतो ना. तुमाला न्हाई देणार तर कुणाला?" त्यानं फडताळामागून डबा काढला. धुऊन पुसून लख्ख. दोन्ही टोकांना नव्या क्लॅम्प बसवलेल्या, दहा मिनिटांत लावता-काढता येईल अशा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या डब्याचा कुणाला उपयोग नाही, त्याला कोणी क्लॅम्प कशाला बसवेल? पण माझं लक्ष पुढच्या बोलण्यावर होतं.

"भाडं लागतं त्याचं," तो म्हणाला. "अन् तारण."

"माझ्याच डब्याला तारण?"

"लोकं नेतात अन् आणत न्हाईत. जमाना खराब झालाय शेठ."

मी आवाज चढवला. त्यानं खाली आणला. अर्धा तास असं चाललं. शेवटी मी भाडं पूर्ण माफ करून घेतलं आणि तारण म्हणून नवं टायर चढवलेली स्टेपनी ठेवली. मी रिम न देता फक्त टायर देत होतो, तो रिमसकट म्हणाला, तेवढं मी सोडून दिलं. बोली अशी झाली: डबा आणा, स्टेपनी न्या. पासिंगला लागणारी स्टेपनी मी शेजारच्या जीपची उसनी घेतली. ते तर माझंच जुनं शास्त्र होतं.

घरी सांगितलं. बायकोनं विचारलं, "भाडं माफ केलं म्हणता? पुन्हा फुकट?"

"पुन्हा फुकट."

"मग गेली स्टेपनी," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

कॅम्पच्या दिवशी मी मैदानात सकाळीच पोचलो. धुराचा कागद ताजा काढला होता, लाल नळा पुसला होता, औषधपेटीत नवी पट्टी टाकली होती. माझ्या मागे सहा-सात जीपा उभ्या होत्या, सगळ्या माझ्यासारख्याच. मिस्त्री लिंबाखाली पान्हा घेऊन बसला होता. मला वाटलं माझ्यासाठी आला. मनात आलं, चला, एवढी तरी माणुसकी आहे.

साहेबांनी माझे कागद पाहिले, दिवे पाहिले, पेटी उघडून पाहिली. मग वर्तमानपत्र अंथरलं आणि खाली गेले. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग खालून वाचायला लागले. माझं नाव. वडिलांचं नाव. आडनाव. "राहणार जवळा बाजार, तालुका औंढा, जिल्हा हिंगोली. यांजकडून सप्रेम भेट." बूट हलले. "हे गृहस्थ कोण?"

"मीच, साहेब."

ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि हरवलेला नातेवाईक सापडावा तसं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही होय. मला तुम्हाला भेटायचंच होतं. मागच्या कॅम्पला तुम्ही पाच गाड्यांखाली होता."

"मी नव्हतो, साहेब."

"तुमचं नाव होतं. त्याच्या आधीच्या कॅम्पला चार. पहिल्यांदा मला वाटलं, कुणा मोठ्या मनाच्या माणसानं भाच्याला डबा भेट दिला असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, भाचे बरेच असतील. मग मी पत्ता लिहून घेतला."

मागून एक जीप चालू झाल्याचा आवाज आला. ती हळूच ओळीतून निघाली आणि मैदानाबाहेर गेली. तिच्यामागे दुसरी. तेव्हा मला उलगडा झाला की मिस्त्री लिंबाखाली माझ्यासाठी बसलेला नव्हता. माझ्या मागच्या सगळ्या जीपांचे डबेही कधीच निघाले होते आणि त्या माझ्याच डब्याची वाट पाहत होत्या. मी ज्या झाडाखाली बसून औषधपेटीवर चहा प्यायचो, त्याच झाडाखाली तो बसला होता. युक्ती माझीच, फक्त पेटीच्या जागी त्यानं माझा डबा घेतला होता.

"आता दोनच गोष्टी असू शकतात," साहेब म्हणाले. "एक, पासिंगसाठी डबा भाड्यानं फिरवायचा धंदा तुम्ही करता. मग हे मी पोलिसांकडे देतो. दोन, डबा तुमच्या गाडीचा, तुम्ही तो काढून टाकलात आणि फिरवला दुसऱ्यानं. मग काढल्याचा दंड तुमचा. कोणतं लिहू?"

आयुष्यभर मी दोन भावांच्या मधला तिसरा भाव काढत आलो. इथे तिसरा निघेना. डबा कधी काढलाच नाही म्हणावं तर तो इतरांखाली कसा गेला? काढला म्हणावं तर दंड आणि वर नाचक्की. मी रागानं लिंबाकडे बोट केलं.

"काढायला मीच सांगितला, साहेब. काढला त्यानं. फिरवलाही त्यानंच."

मिस्त्री उठून आला, अगदी सावकाश. "साहेब, मी गरीब मानूस. तुमीच वाचा ना काय लिहिलंय. सप्रेम भेट. शेठनं मला दिला."

उरलेले जीपवाले हसले. साहेबांनी कागदात तोंड घातलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

"भेट मिळालेली वस्तू दहा जणांना भाड्यानं देता?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं, आणि त्याचंही नाव-गाव लिहून घेतलं. मिस्त्रीचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. त्या एका क्षणासाठी मी सगळं माफ करायला तयार होतो.

मग मी बोली लावली. जन्माची सवय. "साहेब, दंड मी भरतो. चूक केली ती लिहून देतो. पण आज गाडीला जे पाहिजे ते सगळं जागेवर आहे का नाही? डबा माझाच, गाडीही माझीच. या ओळीत स्वतःच्या डब्यासकट उभी असलेली ही एकटी जीप आहे. हिला नापास केलं तर पास कुणाला करायचं?"

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "पांढरं कापड आहे का? नळीशी धरून पाहू."

मी जीपच्या कप्प्यात हात घातला आणि रुमाल काढून दिला. त्यांनी घडी उलगडली. निम्मा काळाकुट्ट.

"हा आधीच तपासलेला दिसतो."

"वकीलसाहेबांचा आहे," मी म्हटलं. याहून शहाणं काही सुचलं नाही.

उरलेल्या पांढऱ्या बाजूनं त्यांनी तपासणी केली. जाळी चोंदलेली असली तरी धूर ती धरून ठेवत होती. रुमालावर फिकट राखाडी ठसा उठला, एवढंच. साहेबांनी माझ्याकडून दंड भरून घेतला, पुन्हा डबा काढणार नाही असं लिहून घेतलं आणि एक अट घातली. क्लॅम्प काढायच्या आणि डबा इथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, पक्का वेल्डिंग करायचा. "आणि वेल्डिंग हेच मिस्त्री करतील. फुकट. भेट म्हणून."

मिस्त्रीनं जवळच्या गॅरेजमधून वेल्डिंगचं सामान आणलं आणि कॅम्पमागून कॅम्प कमाई करून देणारा डबा स्वतःच्या हातानं माझ्या गाडीला कायमचा चिकटवला. मी शेजारी उभं राहून, इथे कमी पडलं, तिथे अजून एक टाका मार, असं सांगत होतो. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांपैकी एक झाला असता. पण साहेबांनी सही केली, कागद माझ्या हातात आला, आणि मी म्हटलं, "आता माझी स्टेपनी."

मिस्त्रीनं डोळ्यांवरची काच वर केली. "डबा आणा, स्टेपनी न्या. बोली तशीच व्हती न्हाई का?"

"डबा तूच आत्ता चिकटवला ना."

"मग मी कुठं म्हणतो की तुमी आणू शकता? मी फक्त बोली सांगून राहिलो, शेठ."

मी त्याच्या अंगावर धावलो. लोकांनी धरलं. साहेब वर्तमानपत्राची घडी घालत होते, त्यांनी पाहूनही पाहिलं नाही.

दवाखान्याचं काम मला मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात मी वकीलसाहेबांना गाठलं. त्यांना नवा रुमाल दिला आणि स्टेपनीसाठी केस घालता येईल का विचारलं. ते म्हणाले, "घालता येईल. पण कोर्टात आधी सांगावं लागेल की स्टेपनी तारण का ठेवली होती. काढलेला डबा साहेबांना दाखवण्यापुरता भाड्यानं आणायला. असल्या कामाचं तारण कोर्ट सोडवून देत नाही."

"म्हणजे त्याची चोरी कायदेशीर?"

"नाही. तुमची तक्रार बेकायदेशीर."

हीही फुकट होती. फुकट गोष्टी मला कधीच मानवल्या नाहीत.

मिस्त्रीनं पुढे स्वतःच एक जुनी जीप घेतली. ती कुठल्या साली पास झाली असेल ते तिलाच माहीत. परवा मी डॉक्टर आणि नर्सबाईंना घेऊन चढावर निघालो होतो. पुढे तो होता. त्याच्या धुराचे लोट माझ्या काचेवर येत होते आणि मागच्या दाराला माझी स्टेपनी लटकत होती. ऊन रिमवर पडलं होतं, कोरलेलं अक्षर न अक्षर वाचता येत होतं.

नर्सबाईंनी मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "मामा, तुमी यांना स्टेपनी भेट दिली? कित्ती चांगलं मन आहे तुमचं."

मी हॉर्न दाबला, तोच, त्यानं फुकट दिलेला. मिस्त्रीनं खिडकीतून हात काढून रामराम घातला. मी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, पण माझी जाळी चोंदलेली आणि डबा वेल्डिंगचा. चढ संपेपर्यंत आम्ही त्याच अंतरानं, त्याच्या धुरात, माझं नाव वाचत चाललो.